मामाच्या पायाचा नमुना

३ मार्च

ठमे,

तुझं पत्र मिळालं. मामीने वाचून कपाटात ठेवलं आणि लगेच परत काढून वाचलं, कारण तू वेळेवर जेवतेस की नाही हे त्यात कुठेच नव्हतं. पुढच्या वेळी ते पहिल्याच ओळीत लिही, म्हणजे बाकीचं पत्र मला शांतपणे वाचता येईल. आणि फोन करत जाऊ नकोस. समोरच्या औषधवाल्याकडून बोलावणं येतं, मी रिसीव्हर कानाला लावतो, तू काहीतरी बोलतेस आणि मी ‘हो हो’ म्हणतो. मागच्या वेळी कशाला हो म्हणालो ते मला अजून माहीत नाही. बॉयलरशेजारी उभं राहून कान गेले ते गेले. पत्र मात्र ठणठणीत ऐकू येतं.

लाँड्री ठीक चालली आहे. काल एक बाई पांढरी चादर घेऊन आली. मधोमध हा एवढा पिवळट ओघळ. विचारलं, डाग कशाचा? तर म्हणाली, आधी लिंबू चोळलं, मग सोडा, मग गरम पाणी, आता कशाचा होता ते कसं सांगणार! मी बोलायच्या भानगडीत पडलो नाही, फक्त वर बोट दाखवलं. वर तुझी पाटी आहे, तू शाळेत असताना निळ्या रंगाने काढलेली: ‘डाग घरी धुऊन आणू नये.’ तिने वाचली आणि ओशाळली. माणसाला लाँड्रीवाल्यापुढेही डागाची लाज वाटते, आता काय बोलायचं! डाग पडला तसा आणला तर मी ओळखतो आणि काढतो. अर्धवट घासलेला डाग माझ्या बापालाही ओळखता आला नसता.

डागावरून आठवलं. बॉयलरचा नळ ठिबकतो, तिथे माझ्या डाव्या पायावर जरा गरम पाणी सांडलं. बोटांजवळ. किरकोळ आहे. साखरेमुळे पायाला हल्ली काही कळत नाही, त्यामुळे चटकाही बसला नाही, म्हणजे फायदाच म्हणायचा. पण पट्टीवर हिरवट डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. मलमाचा रंग असणार. तुमच्या इस्पितळात असले डाग कशाने काढतात, जरा विचारून कळव.

तुझा,
मामा


८ मार्च

मामा,

जेवते. दोन्ही वेळा. आता बाकीचं पत्र शांतपणे वाच.

किरकोळ म्हणजे केवढं? पाणी कधी सांडलं? गोळ्या चालू आहेत का, कोणत्या? चादरीवरच्या ओघळाची एवढी माहिती देतोस आणि स्वतःच्या पायाची चार शब्दांत बोळवण करतोस. मलमाचा डाग मसणात जाऊ दे.

साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम अंगावर काढायची नसते. तिथल्या दवाखान्यात जंतू तपासायची सोय नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सोबत एक नळी पाठवते. आत टोकाला कापूस गुंडाळलेली काडी आहे. ती जखमेत फिरवायची, परत नळीत घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. कापसाला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, काडी टेबलावर ठेवायची नाही.

इथे मी काय करणार तेही सांगते, नाहीतर तू ड्रायव्हरला विचारत बसशील. काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य घट्ट जेलीसारखं ओतलेलं असतं. त्यावर काडी फिरवून बशी उबेत ठेवतात. जखमेत जंतू असतील तर त्यांचे ठिपके उगवतात. मग त्यांच्याच शेजारी निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीच्या आसपास जंतू फिरकत नाहीत, ते औषध तुझं. हे केलं नाही तर डॉक्टर बिचारे अंदाजाने गोळ्या बदलत बसतात.

तुझी,
ठमा


१३ मार्च

ठमे,

तुझी नळी तुझ्याच गाडीने परत रवाना केली आहे. सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. कापसाला बोट लागलं नाही की फुंकर गेली नाही. ड्रायव्हरला दम भरला आहे की सांडलीस तर तुझा गणवेश पुन्हा माझ्याकडे आणू नकोस.

गोळ्यांचं विचारलंस. पहिल्या झाल्या, आता दुसऱ्या चालू आहेत. पहिल्या पांढऱ्या होत्या, ह्या लाल-पिवळ्या आहेत. नाव डबीवर आहे पण अक्षर मुंगीएवढं आहे.

आणि एक सांगतो, निश्चिंत राहा. तुझ्या ऑफिसात तुला खाली मान घालावी लागेल असं काही मी पाठवलेलं नाही. मामी नाक मुरडते आहे, पण तिला तुमच्या शास्त्रातलं काय कळतं?

मामा


१८ मार्च

मामा,

माझं डोकं चक्रावलं आहे, म्हणून जे दिसलं ते तसंच लिहिते.

नमुना आल्या आल्या त्यातलं थोडं काचपट्टीवर घेऊन रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जंतू होते. बारीक काड्यांसारखे, चिक्कार. म्हटलं, सापडले एकदाचे. मग बशीत पेरले. सकाळी कोट न घालताच धावत गेले, तर बशी कोरी करकरीत. आणखी एक दिवस ठेवली. एक ठिपका उगवेल तर शपथ.

म्हणजे जंतू आहेत आणि उगवत मात्र नाहीत. असं कधी होतं? ते मेलेले असले तर होतं. मला वाटतं, त्या लाल-पिवळ्या गोळ्यांनी आपलं काम केलेलं दिसतंय. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी विचारलं, ‘नमुना कोणी घेतला?’ मी म्हटलं, माझ्या मामाने, आणि तो इतका काटेकोर आहे की काडीच्या कापसालाही इस्त्री करून पाठवेल. सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

पण जंतू मेले असतील तर जखम का भरत नाही? पायाला रक्तच पोचत नसेल का? की साखर वाढली आहे? मला आनंद व्हायला हवा आणि तो होत नाही. तिथल्या दवाखान्यातल्या सर्जनना नीट दाखव आणि ते काय म्हणतात ते मला शब्दन्‌शब्द कळव.

ठमा


२२ मार्च

ठमे,

मेले! वाचलं आणि जिवाला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. तुझं पत्र खिशात घालून सर्जनकडे गेलो आणि म्हटलं, साहेब, माझी भाची मोठ्या इस्पितळात जंतूच तपासते, तिने स्वतः पाहिले आहेत, सगळे मेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्या पायाकडे पाहिलं, पुन्हा पत्राकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. म्हणाले, ‘मग हे काय आहे?’ मी म्हटलं, ते तुम्ही सांगायचं, डॉक्टर तुम्ही आहात.

गोळ्या मी परवापासून बंद केल्या. मेलेल्यांना औषध कशाला? त्या गोळ्यांनी तोंडाची चव पार गेली होती. अंगात थोडी कणकण असते, पण बॉयलरजवळ उभं राहिल्यावर माणूस तापणारच.

हिरवा डाग अजून पडतोच आहे. मलम बदललं तरी पडतो. ह्याचं उत्तर तू मला अजून दिलेलं नाहीस.

मामा


२६ मार्च

मामा,

गोळ्या आजच्या आज सुरू कर. हे वाक्य वाचून झालं की पत्र खाली ठेव, गोळी घे, मग पुढचं वाच.

‘मेलेल्यांना औषध कशाला’ हे मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘काडीवरचे जंतू मेले होते एवढंच तू पाहिलंस. ते कशाने मेले हे कोणी विचारलं का? आणि पायातले मेले हे तुला कोणी सांगितलं?’ मी तुला घाईने लिहिलं, मामा. जे पाहिलं ते खरं होतं, पण त्याच्यावर जो अंदाज बांधला तो बांधायला नको होता.

मोठ्या बाईंना वाटतं, जखमेवर मलम होतं आणि काडीला तेच लागलं. म्हणून पुन्हा नळी पाठवते आहे. ह्या वेळी नमुना घ्यायच्या आदल्या दिवसापासून जखमेवर मलम नको, पावडर नको, कसलंही औषध नको. आणि कणकण म्हणजे किती ताप? थर्मामीटर औषधवाल्याकडे आहे, रस्ता ओलांडला की झालं.

ठमा


१ एप्रिल

ठमे,

नळी पाठवली आहे. औषध काहीही लावलेलं नाही, पट्टीलाही हात लावला नाही. मामीनेच काडी फिरवली. मला हल्ली वाकायला जमत नाही.

ताप आहे थोडा. गोळ्या घेतो आहे. दुकान दोन दिवस बंद ठेवलं, नळ दुरुस्त करायचा आहे म्हणून. अक्षर वाकडं आलंय कारण गुडघ्यावर पाट ठेवून लिहितो आहे.

मामा


५ एप्रिल

मामा,

आता मी कोणावर चिडायचं ते मला कळत नाही, म्हणून तुझ्यावर चिडते.

पहिल्या बशीत कोणीच नव्हतं. दुसऱ्या बशीत बाजार भरला आहे. पांढरे ठिपके, पिवळे ठिपके, एक सुरकुतलेला, एक सगळ्यांच्या अंगावर पसरत गेलेला. कातडीवरचे आहेत, हवेतले आहेत, धुळीतले आहेत. ह्यातला गुन्हेगार कोणता आणि नुसता बघायला जमलेला कोणता, काही पत्ता लागत नाही. सगळ्यांना औषधाच्या टिकल्या लावत बसले तर महिना जाईल. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘हा जखमेचा नमुनाच नव्हे. हा पट्टीचा नमुना आहे.’

एकाच पायातून आधी काहीच नाही आणि नंतर सगळंच, असं कसं होईल? इथे सगळे मला विचारतात आणि मी तुझ्या काटेकोरपणाचं इतकं कौतुक करून ठेवलं आहे की आता तोंड उघडायची सोय राहिली नाही. तू मला काहीतरी सांगत नाही आहेस. दुकान तू माझ्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा बंद ठेवलं नव्हतंस. एका नळासाठी दोन दिवस?

ठमा


८ एप्रिल

ठमा,

मी मामी. मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. ह्यांना न सांगता औषधवाल्याच्या दुकानात बसून लिहिते आहे. फोनवर बोलले असते तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर रडले असते.

पाय किरकोळ नाही. दोन बोटं काळी पडली आहेत. सर्जन म्हणतात, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. वीस तारीख दिली आहे. ह्यांनी मला तुझ्या आईची शपथ घातली होती की ठमीला कळवायचं नाही. मी ती मोडते आहे. वन्सं मला माफ करतील, त्यांचीच लेक वाढवली आहे आम्ही.

तू नमुन्याचं विचारतेस. पहिल्या वेळी काडी लावायच्या आधी ह्यांनी पाय ब्लीचच्या बादलीत बुडवला. चादरी घालतो त्या बादलीत. पायाला काही कळत नाही म्हणून ओरडले नाहीत, मीच ओरडले. म्हटलं, अहो, हे काय करताय? तर म्हणाले, ‘पोरगी तिथे पांढरा कोट घालून बसते. चार शिकलेली माणसं ती नळी उघडणार, आणि वास कशाचा येणार, तर तिच्या मामाच्या सडक्या पायाचा? आपल्या दुकानातून आजवर घाण बाहेर गेलेली नाही.’ मग घासून पुसून, कोरडा करून काडी फिरवली. अगदी खूश होते.

दुसऱ्या वेळी तू लिहिलंस औषध लावू नका. ह्यांनी पट्टीच सोडू दिली नाही. खोलीत वास पसरतो, त्याची ह्यांना लाज वाटते, माझ्यासमोरही. मला म्हणाले, वरूनच फिरव. मी वरूनच फिरवली. मला वाटलं, जंतू काय, पट्टीतूनही येत असतील. मला काय ठाऊक गं?

तू धावत येऊ नकोस. आलीस की ह्यांना कळेल मी लिहिलं. काय करायचं तेवढं सांग.

मामी


११ एप्रिल

मामा,

मला कळलं आहे. मामीला एक शब्द बोललास तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही, फोनवरही नाही आणि पत्रातही नाही.

परवा मामीचं पत्र वाचलं आणि प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. मग पिशवी भरली. मोठ्या बाईंनी मला दारात अडवलं. म्हणाल्या, ‘तू तिथे जाऊन रडणार. त्यापेक्षा इथे थांब आणि बशी बघ. तिथे रडायला मामी आहे.’ मग त्यांच्याच टेबलावरून मी तुझ्या सर्जनना फोन केला. ते भले आहेत. म्हणाले, ताप चढला नाही तर वीस तारखेपर्यंत हात लावत नाही, पण वीसच्या पुढे थांबणार नाही. तेवढ्यात मला खरा नमुना हवा आहे.

आता नीट वाच. मामीने पाणी उकळायचं, त्यात मीठ घालायचं, गार होऊ द्यायचं. पट्टी पूर्ण सोडायची. त्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, वरचा जुना पू, साय, पट्टीचे धागे, सगळं वाहून जाऊ दे. ब्लीच नाही, साबण नाही, औषध नाही. मग आत जिथे लाल मांस दिसेल तिथे काडी दाबून गोल फिरवायची. धुवायचं, पण मारायचं नाही. पहिल्या वेळी तू मारून पाठवलंस, दुसऱ्या वेळी न धुता पाठवलंस, आणि मी दोन्ही वेळा नमुना कसा घेतला हे विचारलंच नाही, कारण तो तू घेतला होतास.

आणि मामा, वासाचं म्हणशील तर इथे रोज सकाळी नाकासमोर जे येतं ते तुला सांगितलं तर तू जेवणार नाहीस. ह्या खोलीत कोणी नाक धरत नाही. आम्ही त्याचीच वाट बघत असतो.

अजून एक काम कर. मामीचा हात धरून दुकानात जा, दिवा लाव आणि तुझ्या डोक्यावरची पाटी वाच. मी ती काढली तेव्हा तूच मला शब्द सांगितले होतेस.

ठमा


१४ एप्रिल

ठमे,

पाटी वाचली. मामी शेजारी उभी होती. इतकी वर्षं लोकांना बोट वर करून दाखवत होतो, आणि ब्लीचची बादली मी बरोबर त्याच पाटीखाली ठेवली होती. एकदा मान वर केली असती तर!

मी मामीला बोललो नाही. शपथेचंही नाही. उलट मला बरंच वाटलं. कोणाला तरी कळायला हवं होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

नमुना पाठवला आहे. पाय मिठाच्या पाण्याने धुतला, तू लिहिलंस तसाच. मामीने तोंडाला फडकं बांधलं नाही. मी म्हटलं बांध, तर म्हणाली, तुम्ही गप्प बसा. काडी आत गेली तेव्हा मी भिंतीकडे पाहत होतो. नळी बंद करून कागदात गुंडाळली आणि हातात धरून बसलो, ड्रायव्हरला देववेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुकानातून घाण बाहेर चालली आहे आणि ती तुझ्या नावावर चालली आहे. कोणी काही बोललं तर सांग, हा आमच्या ओळखीचा एक म्हातारा आहे.

नको. सांग, माझा मामा आहे.

मला भीती वाटते, ठमे. पाय गेला तर बॉयलरजवळ उभा कसा राहणार, हे मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला तेवढीच भीती नाही. मरायची वाटते. हे मामीला वाचून दाखवलेलं नाही.

तू म्हणतेस धुवायचं पण मारायचं नाही. मी जन्मभर धुतलं, मला वाटायचं दोन्ही एकच. माझा अजून गोंधळ आहे. पण तू म्हणतेस तर असेल.

मामा


१८ एप्रिल

मामा,

फोनने सर्जनना सगळं कळवलं आहे, त्यामुळे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला पहिलं इंजेक्शन टोचूनही झालेलं असेल. तरी लिहिते, कारण फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस.

नळी मी स्वतः उघडली. वास आला. मोठ्या बाई शेजारी होत्या, त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘हा कोण ते मला वाटतं कळलं.’ मी म्हटलं, माझा मामा. त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, जंतू.’

दुसऱ्या दिवशी बशीत एकच प्रकार उगवला होता. बाजार नाही, कोरंही नाही. आणि मामा, अख्ख्या बशीतलं खाद्य हिरवं झालं होतं. ती बशी हातात धरून मी उभी राहिले आणि मला तुझं मार्चमधलं पत्र आठवलं. मलमाचा रंग नव्हता तो. हा जंतूच हिरवा रंग सोडतो, जिथे राहतो तिथे. तू मला पहिल्याच पत्रात विचारलं होतंस, नंतर आठवणही केली होतीस, आणि मी म्हटलं मसणात जाऊ दे. तुला तो डाग वाटला, मला तू लाँड्रीतल्या गप्पा मारतोयस असं वाटलं. आपण दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि दोघांनाही तो दिसला नाही.

टिकल्या लावल्या. पांढऱ्या गोळीच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून उगवलाय. लाल-पिवळीलाही. तुझ्या दोन्ही गोळ्यांना तो जुमानतच नव्हता, घेतल्या काय आणि सोडल्या काय. मला मात्र वाटत होतं त्यांनीच त्याला मारलं. एका इंजेक्शनच्या टिकलीभोवती मात्र मोठं स्वच्छ वर्तुळ आहे. तेच तुला सुरू करतायत. वीस तारखेची शस्त्रक्रिया सर्जननी पुढे ढकलली आहे.

दोन काळी बोटं जातील, ती आधीच गेली आहेत. बाकीचा पाय राहील का, मला माहीत नाही. सर्जननाही नाही. ह्यापुढे मी तुला अंदाज लिहून पाठवणार नाही, जे दिसेल तेवढंच लिहीन. बशीत आज एवढंच दिसतं आहे की तो जंतू मरू शकतो.

मी रविवारी पोचते. मोठ्या बाईंनी नुसती परवानगी दिली नाही, मला हाकललंच.

ठमा


२० मे

ठमे,

तू गेल्यापासून मामीने घरात थर्मामीटर आणून ठेवला आहे आणि माझ्या तोंडात तो सारखा असतो, त्यामुळे मला बोलता येत नाही आणि तिचं फावतं. ताप नाही. काल सर्जननी पट्टी सोडली, वास घेतला, हो, खरंच वाकून वास घेतला, आणि म्हणाले, पाय तुमचा. मी विचारलं, म्हणजे? म्हणाले, म्हणजे आता तो तुमच्याजवळच राहणार. ऐकू आलं नाही असं दाखवून मी त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं.

बोटं तीन उरली आहेत. चपलेत मावायला बरी पडतात. पट्टी पांढरी निघते. पहिल्या पांढऱ्या पट्टीकडे मामी आणि मी किती वेळ पाहत बसलो ते सांगत नाही, तू हसशील.

पण माझा घोळ मिटलेला नाही. तुझ्या बशीत जंतू नव्हते तेव्हा मी मरायला टेकलो होतो, आणि बशीभर जंतू सापडले तेव्हा वाचलो. रात्री पडल्या पडल्या हे उलटंपालटं करून पाहतो, नीट घडी बसत नाही. मामीला विचारलं, तर म्हणाली, कळलं नाही तरी चालेल, बादलीपासून लांब राहा.

आज पहिल्यांदा दुकान उघडलं, बसूनच काम केलं. ती चादरवाली बाई आली होती. ह्या वेळी उशीचा अभ्रा होता, घडी घालून, डाग आत दडवून. मी हात पुढे केला तर म्हणाली, जरा घरी पाण्यातून काढलाय, तसाच कसा आणायचा, लाज वाटते. मी वर बोट दाखवणार होतो, हात अर्धा वर गेलाही. मग खाली घेतला, चप्पल काढली आणि तिला माझा पाय दाखवला. सगळं सांगितलं, बादलीसकट. तिने अभ्रा उलगडला आणि म्हणाली, रक्त आहे, नवऱ्याला खोकल्यातून पडतं, तीन आठवडे झाले, घरात कोणाला कळू दिलेलं नाही त्याने. मी अभ्रा धुवायला घेतला नाही. तसाच परत दिला आणि म्हटलं, हा आधी डॉक्टरांना दाखवा.

ती गेल्यावर मामीकडून निळा रंग मागवला. तुझ्यासारखं अक्षर येत नाही. पण तुझ्या ओळीखाली जागा होती, तिथे लिहिलं आहे: ‘मालकानेसुद्धा.’

तुझा,
मामा